निर्गंध

"ओव्हिला, अरे पेटलायस तू!" काउंटरपलीकडून डॉटी ओरडली, तेव्हा ओव्हिला थेरियाँ कॉफीच्या कपात बघत बसला होता. ती आपल्यालाच ओरडतेय हे त्याच्या ध्यानात आलं ते शेजारच्या माणसानं त्याचा दंड धरून ओढला तेव्हा. भिंतीलगतच्या विजेच्या शेगडीला कोटाची डावी बाही टेकली होती. लोकर मुठीएवढी काळी पडली होती आणि तिच्यातून पिवळट धूर निघत होता. डॉटीनं पाण्याचा जग सरळ बाहीवर रिकामा केला. खानावळीत शनिवारी सकाळी असतात तेवढी दहाबारा माणसं होती, सगळी मिलमधली, आणि ती सगळी हसत होती. "पाच मिनिटं झाली करपट वास सुटून," एक जण म्हणाला, "मी म्हटलं डॉटीनं बेकन जाळलं." दुसरा म्हणाला, "आणि गिलमनमधलं सगळ्यांत नामांकित नाक शेगडीला चिकटून बसलंय!" ओव्हिलाही हसला. "सर्दी झालीय रे," असं म्हणत त्यानं नाक ओढून दाखवलं. नाक कोरडं होतं. त्याला सर्दी झाली नव्हती.

बाहेर रस्त्यावर बर्फाचे ढीग कमरेपर्यंत आले होते. मिलच्या तिन्ही चिमण्यांचा धूर वाऱ्यानं खाली दाबला जाऊन घरांच्या छपरांवर लोळत होता. अशा दिवशी गिलमनमध्ये परका माणूस आला तर मोटारीतून उतरताक्षणी रुमाल काढी. कागदाचा लगदा शिजतो तिथं कुजक्या अंड्यांचा, उकडलेल्या कोबीचा वास येतो, आणि तो माणसाच्या कपड्यांत, पावात, उशीत शिरतो. गावच्या लोकांना तो जाणवत नाही. ओव्हिला रस्त्याच्या मध्ये थांबला आणि त्यानं छातीभर श्वास घेतला. थंडी आत गेली, नाकातले केस कडक झाले, बाकी काही नाही. आता या काही नाहीचा अर्थ काय लावायचा? सगळ्यांना जसा जाणवत नाही तसा त्याला जाणवत नव्हता, की त्याला तो येतच नव्हता? हा प्रश्न आपल्याला आज पहिल्यांदा पडलेला नाही, हेही त्याला त्याच क्षणी उमगलं. तो कुठंतरी मागं, पाठीशी उभा होता. आपण वळून बघत नव्हतो इतकंच. दोन हिवाळ्यांपूर्वी तापाची साथ आली होती आणि तो नऊ दिवस अंथरुणात होता. उठल्यावर बायकोनं, ब्लाँडीननं, सूप दिलं ते गरम पाण्यासारखं लागलं. तापानं तोंडाची चव गेलीय, येईल हळूहळू, असं ती म्हणाली. मग चव आली का? खारट, गोड, आंबट हे कळत होतं. बाकीचं त्यानं कधी तपासलंच नाही. माणूस आपलं नाक रोज तपासत बसतो का?

पण त्याचं रोजचं काम तेच होतं. गिलमन ऑटर्स हा पोटासाठी खेळणाऱ्यांचा बर्फावरच्या हॉकीचा संघ. वरच्या लीगमध्ये घेतली न गेलेली किंवा तिथून खाली ढकललेली वीस माणसं, छातीवर पाणमांजराचं चित्र. ती ज्या बर्फावर खेळत तो बर्फ ओव्हिला चोवीस वर्षं करत आला होता. रिंकच्या मागच्या बाजूच्या खोलीत दोन जुने कॉम्प्रेसर होते. त्यांच्या पोटात अमोनिया फिरे, तो मिठाचं पाणी गोठणबिंदूच्या खाली नेई, आणि ते पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरून वर बर्फ धरून ठेवी. अमोनिया नळ्यांत असेतो मुकाट असतो. बाहेर आला की आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना, मग छातीला, आणि छातीला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून रोज सकाळी दार उघडून आत पाऊल टाकण्याआधी ओव्हिला उंबऱ्यावर उभा राहून एक दीर्घ श्वास घेई. वास नाही म्हणजे सगळं ठीक. गेली दोन वर्षं सगळं ठीकच होतं. एक दिवसही बेठीक गेला नव्हता. हे आठवल्यावर तो रिंकच्या दिशेनं भरभर चालू लागला.

पंधरा वर्षांपूर्वी, छपन्न साली मात्र त्याला वास आला होता. भर सामन्यात, दुसऱ्या डावात, अठराशे माणसं आरडाओरडा करत असताना, बर्फाच्या दुसऱ्या टोकाला फावडं घेऊन उभ्या असलेल्या ओव्हिलाला हवेत एक बारीक टोक लागलं, मुतारीत असतं तसं पण सुईसारखं स्वच्छ. तो बर्फावरून धावत गेला, पंचाच्या गळ्यातली शिट्टी हिसकावून त्यानं स्वतः वाजवली. लोकांनी त्याला आधी शिव्या दिल्या, मग ते बाहेर पडले. शेवटचा माणूस बाहेर आला आणि वीस मिनिटांत आत पांढरा ढग भरला. तेव्हापासून 'ओव्हिलाचं नाक' ही गावातली वस्तू झाली, चर्चच्या घंटेसारखी. गुत्त्यात पोरं त्याच्यापुढे बियरचे ग्लास मांडून कुठला कुठल्या पिंपातला ते विचारत. आणि तो सांगत असे. अजूनही सांगे. गेल्या वर्षभरात त्यानं सांगितलेलं बरोबर निघालं होतं का, की लोक नुसते हसून टाळ्या देत होते?

यंत्रखोलीत फळीवर काचा पुसायच्या अमोनियाची बाटली होती. त्यानं बूच काढलं आणि बाटली नाकाशी नेली. नाकात चर्रकन झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं. झोंबणं होतं, पण त्या झोंबण्याला अंग नव्हतं, रंग नव्हता. ते कुठल्याही गोष्टीचं असू शकलं असतं. बाटली टीचभर लांब धरली तर तेही नाही. तो खोक्यावर बसला. कॉम्प्रेसर धडधडत होता आणि बसल्याबसल्या त्याला मायरन पालुकचा चेहरा दिसला.

मायरन हा ऑटर्सचा दुसरा गोलकीपर. सस्कॅचवानच्या कुठल्याशा गव्हाच्या शेतावरचा, चोवीस वर्षांचा, अबोल. तीन आठवड्यांपूर्वी तो सरावानंतर यंत्रखोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. "काका, आमच्या खोलीत वास येतोय. माझ्या कोपऱ्यात. खोकला येतो मला तिथं." ओव्हिला त्याच्याबरोबर गेला. खेळाडूंच्या खोलीत वीस माणसांचे घामट पट्टे, मोजे, हातमोजे टांगलेले. तशा सामानालाही घामाचा खारट झोंबरा दर्प असतोच. ओव्हिलानं कोपऱ्यात उभं राहून सगळ्यांच्या देखत डोळे मिटून श्वास घेतला होता. खोली गप्प झाली होती. हा क्षण त्याला आवडला होता, हे आता आठवून त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "काही नाही," तो म्हणाला होता, "तुमचेच मोजे आहेत. धुवा कधीतरी." खोलीत हशा पिकला. कर्णधार गॅस्टन म्हणाला, "पालुक, अरे इथं सगळ्यांची नाकं तीनतीनदा मोडलीयत. मुखवट्याआड राहून तुझंच तेवढं शाबूत राहिलंय, नवरीसारखं." मग मायरनला सगळे नवरी म्हणू लागले. तो खोकत राहिला, झोप नीट होईना, डोळे लाल, दोन सामन्यांत अकरा गोल खाल्ले. काल संध्याकाळी व्यवस्थापक क्विनलननं त्याला काढून टाकलं. "खेळायचं नसलं की वास येतात लोकांना," असं क्विनलन ओव्हिलालाच म्हणाला होता, आणि ओव्हिलानं मान डोलवली होती.

त्या कोपऱ्यामागे काय आहे हे ओव्हिलाला झोपेतही सांगता आलं असतं. छतावर जाणारा अमोनियाचा नळ तिथूनच, फळ्यांच्या भिंतीआडून वर चढत होता. चाळीस वर्षांचा जुना नळ. त्यानं तीन आठवड्यांपूर्वी एक फळीही काढून बघितली नव्हती. वास आला नाही तर फळी कशाला काढायची?

साडेदहा झाले होते. सामना दोन वाजता होता. शाळांना फुकट तिकिटं वाटली होती, आणि ऑटर्सना पुढच्या वर्षी गिलमनमध्ये ठेवायचं की नाही ते ठरवायला लीगचा माणूस येणार होता. ओव्हिला जळक्या बाहीनिशी टेकडी चढून गेला. मायरन राहायचा त्या खोलीत पलंगावर उघडी पेटी होती आणि तो शर्टांच्या घड्या घालत होता. ओव्हिला दारातच उभा राहिला. बोलायचं ते त्यानं वाटेत तीनदा जुळवलं होतं, ते आता जुळेना.

"सव्वाबाराची बस आहे माझी," मायरन म्हणाला. "काही राहिलंय का संघाचं माझ्याकडे? मोजे परत दिलेत मी. धुऊन."

"एकदा रिंकवर चल माझ्याबरोबर."

"कशाला?"

"त्या कोपऱ्यात उभं राहायला. मला सांग वास येतोय का, कुठून येतोय."

मायरननं शर्ट खाली ठेवला. "तुम्हीच सांगितलंत की काही नाही म्हणून. सगळ्यांच्या समोर."

"सांगितलं," ओव्हिला म्हणाला. "मला नाही येत वास. कसलाच. आज सकाळी कळलं मला." मग त्यानं ते दुरुस्त केलं, कारण मायरन बघत होता. "आज सकाळी कबूल केलं."

मायरन हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं ओव्हिलाच्या बाहीवरच्या भोकाकडे पाहिलं. मग त्यानं कोट घातला, पेटी बंद करून हातात घेतली. "मला वाटायला लागलं होतं की माझंच डोकं बिघडलंय," जिना उतरताना तो एवढंच म्हणाला, आणि ओव्हिलाला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

खोली रिकामी होती. खेळाडू साडेबाराला यायचे होते. मायरन आत शिरताच खोकला. कोपऱ्यात जाऊन तो वाकला, बाकाखाली डोकं घातलं, मग भिंतीच्या फळ्यांवरून नाक फिरवत हळूहळू वर गेला. शेतात पेरणीआधी मातीचा वास घेणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता, आणि ओव्हिला त्याच्या मागे हात लोंबकळत ठेवून उभा होता. आपल्या घरात दुसऱ्यानं येऊन आपलीच वस्तू शोधून द्यावी, तसं काहीसं त्याला झालं. "इथं," मायरन डोळे पुसत म्हणाला. "इथं भयंकर आहे. तीन आठवड्यांपूर्वी याच्या निम्मा होता." ओव्हिलानं पहारीनं फळी काढली. गंधकाची कांडी पेटवून आत धरली. अमोनिया असला की त्या धुराला दाट पांढरा रंग येतो. नळाच्या सांध्याशी कांडी नेताच दुधासारखा लोट उठला आणि भिंतीतून खोलीत सांडू लागला. सांध्याचं लोखंड पापुद्र्यासारखं सुटलं होतं. ओव्हिलानं बोट लावलं नाही.

आवाज ऐकून क्विनलन आला. त्याच्या गळ्यात नवा टाय होता. फोडलेली भिंत, धूर आणि मायरन यांच्याकडे त्यानं आळीपाळीनं पाहिलं. "हा इथं काय करतोय?"

"नळ गेलाय," ओव्हिला म्हणाला. "यंत्र बंद करतो. सामना होणार नाही."

"कुणी सांगितलं? यानं? काल काढलेल्या गोलकीपरनं?"

"तो धूर बघा ना," मायरन म्हणाला.

"गंधक जाळलं की धूर होणारच! बाराशे पोरं येतायत आज. लीगचा माणूस हॉटेलात उतरलाय. सामना बुडाला तर संघ गेला गावातून, कळतंय का? आणि हे सगळं कुणाच्या नाकावर, तर नवरीच्या?" मग क्विनलन ओव्हिलाकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला, जवळजवळ विनवणीचा झाला. "ओव्हिला, तू सांग. तुला येतोय वास?"

ओव्हिलानं मायरनकडे पाहिलं. खरं सांगायला दोन वाक्यं लागली असती. ती ऐकून क्विनलननं काय केलं असतं, तेही त्याला दिसत होतं. नाक नसलेला म्हातारा आणि काढून टाकलेला गोलकीपर. क्विनलन वाद घालत बसला असता, दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं, एक वाजला असता, पोरं रांगेतून आत आली असती. हे सगळं खरं होतं. आणि त्याच्या आड आणखी एक बारीकसं काहीतरी होतं, तेही खरं होतं, त्याच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

"येतोय," तो म्हणाला. "छपन्नसालचाच वास आहे."

क्विनलनचा चेहरा पांढरा पडला. तो धावत बाहेर गेला, आणि पाच मिनिटांत रिंकची दारं उघडून कामाची माणसं बाहेर काढली जाऊ लागली. ओव्हिलानं कॉम्प्रेसर थांबवले, झडपा फिरवून जमेल तेवढा अमोनिया टाकीत ओढून घेतला. बाहेर आला तेव्हा मायरन पेटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता.

"का सांगितलंत तसं?"

"तुझं ऐकलं नसतं त्यानं."

"हो," मायरन म्हणाला. "माझं ऐकलं नसतं." त्यानं पेटी दुसऱ्या हातात घेतली. "पण आता कधीच कुणी ऐकणार नाही, काका." आणि तो बसथांब्याकडे चालू लागला. ओव्हिलाला हाक मारायची होती. त्याचं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आगीच्या बंबाची घंटा वाजली आणि लोक त्याच्याकडे धावत आले.

दीड वाजता सांधा फुटला. नळात उरलेल्या अमोनियानंच खेळाडूंची खोली छतापर्यंत भरली. मुखवटे लावून आत गेलेल्या बंबवाल्यांना तुळयांवरची सगळी कबुतरं खाली पडलेली सापडली, बाकांवर, हातमोज्यांवर, मायरनच्या कोपऱ्यात. त्या वेळी तिथं वीस खेळाडू बुटांचे बंद बांधत बसलेले असते. लीगच्या माणसानं ओव्हिलाचा हात दोन्ही हातांत घेतला. असं गाव असेल तर संघ इथंच राहील, असं तो पत्रकारांना म्हणाला. रविवारी पाद्रीबुवांनी व्यासपीठावरून त्याचं नाव घेतलं आणि सगळे वळून त्याच्याकडे बघू लागले. ओव्हिला मान खाली घालून बसला, आणि लोकांना तो विनय वाटला.

घरी ब्लाँडीननं डुकराचा भाजलेला पाय गरम करून त्याच्यापुढे ठेवला. ती समोर बसली आणि तो खाताना बघत राहिली. "कसा झालाय?"

"छान. लवंग जरा जास्त आहे."

"लवंग घातलीच नाही मी," ती म्हणाली. "मागच्या नाताळात करपलेला वाढला होता. तोही छान झाला होता."

त्यानं काटा खाली ठेवला. बाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं. "केव्हापासून माहीत आहे तुला?"

"तापातून उठलास तेव्हापासून. आधी वाटलं येईल परत. मग वाटलं, तू सांगशील. मग वाटलं, तुला माहीतच नसावं, आणि मी सांगितलं तर तू त्या खोलीत कसा जाशील रोज?" तिनं टेबलावरचे तुकडे हातानं गोळा केले. "मी रोज संध्याकाळी तुझा कोट हुंगते, ओव्हिला. घामाचा येतो, तेलाचा येतो. अमोनियाचा आला की सांगायचं असं ठरवलं होतं."

"आला का कधी?"

ब्लाँडीनचे हात थांबले. "तीन आठवड्यांपूर्वी एकदा वाटलं तसं. बारीकसा. म्हटलं, मलाच भास होत असेल. तुला येत नाही हे माहीत असूनही वाटलं, तू काही नाही म्हणतोस तर मला कसा येईल?" आणि ती एकाएकी रडायला लागली. तो उठून तिच्याजवळ गेला, तिच्या केसांवर गाल टेकवून उभा राहिला. चाळीस वर्षं त्या केसांना कसला वास होता तो त्याला आठवेना. साबणाचा असावा. साबण हा शब्द आठवत होता, त्याच्या आत काही नव्हतं.

त्यानं मायरनला पत्र लिहायला घेतलं, दोनदा. पत्ता संघाच्या कचेरीत होता आणि पत्ता मागायचा तर कारण सांगावं लागलं असतं. दिवस तसेच गेले. शहरातून माणसं आली, त्यांनी फुटलेला सांधा कापून नवा जोडला, बाकीचा नळ वरून रंगवला. त्या रंगाखाली काय आहे हे ओव्हिलाला माहीत होतं. तो म्हणाला, सगळाच बदला. पुढच्या मोसमात बघू, क्विनलन म्हणाला. यंत्राविना बर्फ नुसत्या थंडीवर टिकून होता. लीगनं पुन्हा सामना ठेवायला दहा दिवसांची मुदत दिली होती आणि आज दहावा दिवस होता.

सामन्याआधी, अगदी शेवटच्या घटकेला, क्विनलननं सगळा संघ खोलीत जमवला. भिंतीला नव्या फळ्या ठोकल्या होत्या. मायरनच्या कोपऱ्यात नवा गोलकीपर हॅलोरन बसला होता, छत्तिशीचा, मुखवटे नव्हते त्या काळापासून खेळत आलेला. त्याचं नाक दोन ठिकाणी मोडून डाव्या गालाकडे कललं होतं. दारात वर्तमानपत्राचा फोटोवाला उभा होता. "यंत्र चालू करण्याआधी," क्विनलन हसत म्हणाला, "आमच्या तज्ज्ञाचं मत घेऊ. ओव्हिला, ये. नाक लाव. तू बरं म्हणालास की बटण दाबतो."

खोली गप्प झाली. ओव्हिला मध्ये उभा राहिला. वीस चेहरे त्याच्याकडे बघत होते, विश्वासानं, मांजराच्या पिलांनी बघावं तसे. त्यानं श्वास घेतला. आत हवा गेली.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

"झकास!" क्विनलन म्हणाला.

"तसं नाही. मला वास येतच नाही. कशाचाच. दोन वर्षं झाली. त्या दिवशी मला काही आलं नव्हतं. मायरन पालुकला आला होता. तो तीन आठवडे सांगत होता आणि मी त्याला खोटं पाडलं."

गॅस्टन उठला, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. "ऐकलंत? याला म्हणतात माणूस. ज्या पोराला आपण नवरी नवरी करून पळवून लावला, त्याचं नाव राखायला स्वतःचं नाक कापून देतोय." कुणीतरी स्केटच्या बुटाचं पातं जमिनीवर आपटलं, मग सगळ्यांनी आपटायला सुरुवात केली. "अरे, खरं सांगतोय मी," ओव्हिला ओरडला. "नळ बदललेला नाही सगळा! मला कळणार नाही रे!" फोटोवाल्याचा दिवा लखकन उडाला. क्विनलननं त्याच्या खांद्यावर हात टाकला, "पुरे आता, लाजवतोस आम्हाला," असं म्हणत दाराबाहेर मान काढून खूण केली, आणि भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर पहिल्यांदा घोगरा, मग सलग धडधडू लागला. नव्या फळ्या बारीक थरथरल्या.

खेळाडू गुडघ्यांचे पट्टे आवळायला वाकले. ओव्हिला कोपऱ्यात गेला आणि हॅलोरनशेजारी बसला. हॅलोरननं त्याला जागा करून दिली. "तुला काही वास येतोय का?" ओव्हिलानं हळूच विचारलं.

हॅलोरननं वर पाहिलं. त्या वाकड्या नाकातून श्वास घेताना शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. "कसला, काका?"

ओव्हिलानं पाठ फळ्यांना टेकवली, दोन्ही डोळे ताणून उघडे ठेवले. छातीच्या आधी डोळ्यांना झोंबलं तर निदान एवढं तरी हातात राहील, आणि मग सगळ्यांना बाहेर काढायला किती वेळ मिळेल याचा तो हिशेब करू लागला. माणसं वीस, दार एक. पहिल्यांदा तो हिशेब जमला नाही. त्यानं पापणी न लववता तो पुन्हा सुरू केला.